ओल्वेनचा डोळा

ओल्वेन प्रायसबद्दल मी कधी चांगलं बोलले असं कुणी सांगितलं, तर खुशाल समजा की तो माणूस आमच्या गल्लीतला नाही. भिंतीला भिंत लागून जन्म गेला आमचा. पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान. अख्ख्या पेनब्रिन गावच्या बायका तिच्या खुर्चीत बसून पोटातलं सगळं ओकून जायच्या. मूलबाळ नाही. नवऱ्याची छाती खाणीतल्या धुळीने खाल्ली, तोही लवकर गेला. मग काय, तिचा सगळा जीव माझ्या लेकीवर, नेरिसवर. मी कारखान्यात पाळीला गेले की पोर हिच्याकडे. पहिलं पाऊल टाकलं ते हिच्या जाजमावर. पहिला दात पडला तोही हिच्याच घरात. मी थकून आले की ही सगळं रंगवून सांगणार आणि वर म्हणणार, "अगं, तू असायला हवी होतीस, ग्लेनिस." अंगाची नुसती लाही व्हायची.

पुढे नेरिस चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली. आणि नशीब बघा, आम्हा दोघींना काचबिंदूही एकाच वर्षी निघाला. थेंब घालून घालून माझ्या पापण्या सोलवटल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेझर करून घ्या, डोळ्यातलं पाणी निचरायची वाट मोकळी होते, दाब उतरतो. पण डॉक्टर थोडे आणि रांग ही एवढी. म्हणून रुग्णालयाने ठरवलं की नेरिससारख्या डोळे तपासणाऱ्यांनाच लेझर शिकवायचं. ती आणि गेथिन नावाचा एकजण निवडले गेले. आधी खोट्या डोळ्यावर हात बसवायचा, मग एकमेकांच्या डोळ्यावर भिंग धरून बघायचं. पोर लालभडक डोळे घेऊन घरी यायची. मी तर चॅपेलात प्रार्थनेला आलेल्या सगळ्यांना सांगून मोकळी झाले, माझ्या डोळ्याला माझीच लेक हात लावणार म्हणून.

"आई, घरच्यांचं आम्ही करत नाही," नेरिस म्हणाली. "तुझं गेथिन करेल."

"मग तू कुणाचं करणार?"

तिने किटलीत पाणी भरायला घेतलं. "पहिला नंबर ओल्वेनमावशीचा लागलाय."

त्यानंतर भिंतीपलीकडून दुसरं काही ऐकूच येईना. प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच. "काय हलका हात गं पोरीचा! हिरवा उजेड लखलखला, टकटक टकटक झालं, की संपलं." माझ्या पोरीचं कौतुक, आणि ते हिच्या तोंडून. मी गेथिनची तारीख रद्द करून टाकली. कुणाच्याही पोराच्या हातात द्यायला माझे डोळे काय वाटेवर पडलेत?

पुढच्या तपासणीत दाब चढलेला निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली होती.

"गेलेली नजर परत येत नाही, आई," नेरिस रडायलाच लागली. "अजून थांबलीस तर उरलेलीही जाईल."

"मग तू कर."

ती दार आपटून निघून गेली. जाऊ दे म्हटलं. मी माझा हट्ट सोडला नाही.

संध्याकाळी मागच्या दाराने ओल्वेन आली.

"आलीस मिरवायला?" मी विचारलं.

"जळायचंच आहे ना तुला, मग सगळं ऐकून जळ." तिने खुर्ची ओढली. "नेरिसने माझी हनुवटी नीट टेकवली, केस मागे सारले. डॉक्टरीणबाई शेजारीच बसून तिचं काम बघत होत्या. त्या म्हणाल्या, तुमची मुलगी का? मी मान हलवली."

"हो म्हणून?"

"हललीच मान. बाईंनी तिथल्या तिथे काम थांबवलं. घरच्यांचं चालत नाही म्हणाल्या. मग नेरिसला सांगावं लागलं, ही माझी कुणी नाही, शेजारीण आहे." ओल्वेन टेबलावरचा केकचा चुरा बोटाने गोळा करत राहिली. "एवढं मात्र मी दुकानात सांगत नाही. माझा डोळा झाला, कारण मी तिची कुणी नाही. तुझा ती करत नाही, कारण तू आहेस. आता तूच सांग, आपल्या दोघींत जळायचं कुणी?"

मला तिचं वाईट वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

गेथिनला फोन करून मी पुन्हा तारीख मागून घेतली. ओल्वेन सोबत आली. नको नको म्हटलं तरी आली. गेथिनचा हात गार होता, पण थरथरत नव्हता. त्याने भिंग डोळ्याला टेकवलं, आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून नेरिसचा आवाज आला. "अगदी सरळ बघा हं. शाब्बास. झालंच आता." कुणा परक्या बाईला. इतकं गोड माझ्याशी ती कधी बोलली होती? जीव जळला माझा. पण हनुवटी हलू दिली नाही.

बाहेर आले तर ओल्वेन नेरिसच्या खोलीच्या दाराकडे टक लावून बसलेली, तोंड आंबट करून.

"कोण गं ही बया?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं तिची," मी म्हटलं.