मामाच्या पायातल्या परक्या चपला

चूक माझीच होती, आणि इतकी बावळट, की सांगताना अजून इकडेतिकडे बघून घेतो. मामाच्या चप्पल-बूट दुरुस्तीच्या दुकानात एक बाई बूट टाकून गेल्या होत्या. त्यांचा डावा पाय जरा आखूड, म्हणून डाव्या बुटाला रबराचा जाड थर चढवायचा होता. मामा चिठ्ठी लिहीत नाही. ज्या बुटाचं काम, त्याच्या तळाला खडूने फुली, संपलं. मी तळ घासता घासता फुलीही घासून टाकली. मामा जेवायला घरी गेला होता. त्याला विचारावं तर माझ्या शाळेपासून बोलणी सुरू झाली असती. मी उजवा बूट उचलला आणि झोकात उंच करून ठेवला.

बाईंनी बूट घाईत पिशवीत टाकून नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरीच असताना त्यांचा फोन आला. तो मामाने घेतला, हे माझं नशीब.

"आधी मी नुसती लंगडत होते," बाई म्हणाल्या. "आता होडीत उभी असल्यासारखी चालते. उद्या माझा नोकरीचा पहिला दिवस आहे हो. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहायचंय."

मामाने फोन ठेवला.

"मी जाऊन नीट करून येतो," मी म्हणालो.

"तू? दोन्ही बूट उंच करून येशील. मग बाईंना खाली उतरायला शिडी लागेल. मीच जातो."

हे ऐकून मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. कारण बाईंचं गाव रेल्वेने जायचं, आणि मामा रेल्वेला घाबरतो.

तसा तो कशालाही घाबरतो. कुत्रा दिसला की गल्ली बदलतो. लिफ्ट असेल तिथे जिना शोधतो. लग्नात फोटोवाल्याचा लाइट चमकला तेव्हा तो असा दचकला, की फोटोत मामी छान हसतेय आणि नवरदेव खुर्चीखाली काहीतरी शोधतोय. "मला वाटलं, यांचं काही हरवलंय," मामी म्हणते. "नंतर कळलं, धीर हरवला होता." हातात चामडं शिवायची आरी आणि समोर फाटका बूट असला, की मात्र मामा कुणाच्या बापाला भीत नाही.

स्टेशनवर त्याला सोडायला मी गेलो. हत्यारांची पिशवी छातीशी धरून तो थेट शेवटच्या डब्याकडे निघाला. त्याचा हिशेब पक्का होता. टक्कर झालीच, तर आधी पुढच्यांना लागते.

"आणि मागून धडकली तर?" मी विचारलं.

"अभद्र बोलू नकोस."

"बरं. पोचलास की फोन कर."

"फोन बंद ठेवणार. प्रवासात बॅटरी फुटते."

गाडी हलली तेव्हा मी हसत होतो. तो दारापासून लांब, दांडा धरून उभा होता. बसायला जागा असूनसुद्धा.

दुपार कलायच्या सुमारास शेजारचा सायकलवाला धावत दुकानात आला. त्याचे हात ग्रीसने काळे होते आणि ते तो पुसायचं विसरला होता.

"मामा कुठल्या गाडीने गेलाय रे?"

मी सांगितलं.

"ती पॅसेंजर सिग्नलला उभी होती. मालगाडीने मागून ठोकलीय. शेवटचा डबा..."

प्लॅटफॉर्मवरचं माझं वाक्य माझ्याच कानात पुन्हा वाजलं. मी मामाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मामीला काय सांगावं सुचेना, म्हणून घरी न जाताच सायकलवाल्याच्या स्कूटरवर बसलो. वाटेत तो म्हणत होता, "काही होत नाही रे, भित्री माणसं चिवट असतात." त्याचा आवाज इतका कापत होता, की मीच त्याला म्हणालो, "तू पुढे बघून चालव."

तिथे मोठी आरडाओरड असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. लोखंड कापायच्या यंत्राची कर्कर थांबली, की माणसं कान देऊन उभी राहायची. डब्यातून कुणी हाक देतंय का, म्हणून. शेवटचा डबा डब्यासारखा राहिलाच नव्हता. मालगाडीचं इंजिन त्याच्यात घुसून वर चढलं होतं. त्याच्या पुढचा डबा रुळांवरून उतरून कलंडला होता.

रुळांच्या उतारावर चपला पडल्या होत्या. सँडल, बूट, लहान मुलाचा मोजा. दुकानात बसून बसून मला एक वाईट सवय लागलीय. माणसाच्या आधी मी पायातलं बघतो. तिथेही डोळे जमिनीवरून उठेनात. एकेक वळवून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ही नको, ही नको.

आणि मग ती दिसलीच. मामाची उजवी चप्पल, शेवटच्या डब्याच्या अगदी खाली. टायरचा तुकडा लावून तळ मीच बसवला होता, आणि खिळा जरा तिरका गेल्यामुळे मामाने मला आठवडाभर ऐकवलं होतं. तोच तिरका खिळा. मी चप्पल उचलली. पट्टा ओला होता, कशाने ते बघायची माझी छाती झाली नाही.

"मामाचीच का?" सायकलवाल्याने लांबून विचारलं. मी होकाराची मान हलवली. तो मटकन खाली बसला.

जखमींना रेल्वेच्या शेडमध्ये बसवलंय, असं एका पोलिसाने सांगितलं. मी निघालो. शेडमध्ये भिंतीला टेकून माणसांची रांग. मी खाली बघत बघत चाललो. अनवाणी पाय. पट्टी बांधलेला पाय. निळ्या पट्ट्यांच्या रुंद चपला, मामाच्या नव्हेत. पुढे गेलो. शेवटपर्यंत पोचलो. मामा नव्हता.

"अरे गाढवा," मागून अगदी बारीक आवाज आला. "तोंडाकडे बघायला काय झालं तुला?"

निळ्या चपलांमध्ये मामा होता. कपाळाला खोक, छातीशी हत्यारांची पिशवी. मी त्याच्याजवळ बसलो आणि काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, पण रडूच आलं. त्याने माझ्या हातातली चप्पल बघितली.

"ही कुठे मिळाली?"

"शेवटच्या डब्याखाली."

त्याने ती उलटी करून तिरका खिळा बघितला. मग तुटक तुटक बोलू लागला. शेवटच्या डब्यात समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या टोपलीत कुत्र्याचं पिल्लू. ते बाहेर आलं, मामाच्या पायाशी घोटाळलं आणि चप्पल चावायला लागलं. मामाने दोन्ही चपला तिथेच सोडल्या आणि अनवाणी पुढच्या डब्यात पळाला. तिथे समोरच्या बाकावरचा माणूस पोट धरून हसला. त्याने आपल्या चपला काढून दिल्या. म्हणाला, "घाला काका. माझ्या पिशवीत बूट आहेत, ते घालतो. उतरताना आठवणीने द्या म्हणजे झालं." त्याने बूट चढवले, नाडी बांधली, आणि तेवढ्यात मागून धक्का बसला.

"मग तो?"

"डबा कलंडला. सगळे एकमेकांवर. मला कुणीतरी खिडकीतून ओढलं. नंतर तो दिसलाच नाही."

"चेहरा कसा होता? पोलिसांना विचारू."

मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चोरी करताना पकडलंय.

"तोंड कुठे बघितलं मी? पाय बघितले. डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली."

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "ते पिल्लू... ते आजोबा..." मी त्याची पिशवी उचलली आणि म्हणालो, "चल, मामी वाट बघतेय."

बूटवाल्या बाई दोन दिवसांनी स्वतःच दुकानात आल्या, एका बाजूला झुकत. "तुम्ही माझ्यासाठी निघाला होतात," एवढंच म्हणाल्या आणि बूट काढून दिले. पहिला दिवस त्यांनी स्टुलावर बसून काढला होता. आरी दोनदा घसरली. तरी उजव्याचा थर काढून डावा बूट त्यानेच केला, मला रबरालासुद्धा हात लावू दिला नाही.

आता लांबून गाडीची शिटी आली की तो काम थांबवून टेबल धरतो. गाडी गेली की सोडतो. मी काही बोलत नाही, कारण मीही धरतो.

निळ्या चपला दुकानात खुंटीला आहेत. मामाने त्यांना नवा तळ लावला, पट्टे शिवले. एका गिऱ्हाइकाने भाव विचारला, तर म्हणाला, "दुसऱ्याच्या आहेत." सुट्टीच्या दिवशी तो त्या चपला पिशवीत घालतो आणि स्टेशनच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहतो. आत जात नाही. आत गाड्या असतात. बाहेर पडणाऱ्यांचे पाय बघत राहतो. एकदा तिथे कुत्रा आला. मामा भिंतीला चिकटला, डोळे मिटले, पण जागा सोडली नाही.

"मामा, त्याने तर बूट घातले होते," मी एकदा म्हणालो. "करंगळी दिसणार कशी?"

"बुटातून कळते. तेवढ्या जागी चामडं फुगतं."

"आणि तो जर..."

"तू गप्प बस," मामा म्हणाला. "गाडी आली."

माणसं बाहेर पडायला लागली. पिशवी छातीशी धरून तो खाली वाकला, आणि मीही.