फुटका पाइप आणि ओलसर भिंत

भाचीच्या लग्नासाठी आम्ही दोघं नवराबायको आजऱ्याला दोन दिवस राहून आलो. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटचा जिना चढतोय, तोच खालच्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन पुढं आल्या. "सकाळधरनं तुमचं पाणी आमच्या छतातनं गळायलंय. फोन कुठं ठेवलाय तुमी?" फोन माझ्या पर्सच्या तळाशी होता. गच्चीवरचा आमचा कॉक त्यांनीच बंद केला होता, म्हणून निभावलं.

दार उघडलं तर घोटाभर पाणी. स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप फुटला होता. कपाटाचा तळ फुगला होता, गाद्या भिजून चिंब झाल्या होत्या. आम्ही पाणी उपसलं, प्लंबरनं भिंत फोडून पाइप बदलला आणि तो गेला. मग यांना विमा आठवला. घर आणि सामानाची ती पॉलिसी हे दरवर्षी नेमानं चालू ठेवायचे आणि मी दरवर्षी त्यांची थट्टा करायची. कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, फोटो काढा, काही टाकू नका, फुटलेला पाइप जपून ठेवा.

पाइप तर प्लंबर घेऊन गेला होता. मी स्कूटर काढली आणि त्याला तिसऱ्या गल्लीत गाठलं. पिशवीतून तुकडा काढून देत तो म्हणाला, "फुटक्या पाइपासाठी एवढ्या उन्हात आलाय व्हय, बाई?" मी तो साडीच्या घडीसारखा जपून आणला.

दोन दिवसांनी नुकसान पाहायला सर्व्हेअर आले. शांत स्वभावाचे, वहीत बारीक अक्षरात लिहिणारे. त्यांनी विचारलं, घरात आधी कुठं ओल होती का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण यांनी सगळी नोकरी गणित शिकवण्यात घातलेली. हे म्हणाले, "घरातल्या बोळातली ती भिंत वर्षभर ओलसर आहे. बाथरूमच्या फरशीतून पाणी मुरतं."

मला वाटलं, संपलं सगळं. हळूहळू मुरलेल्या पाण्याचं नुकसान पॉलिसीत बसत नाही, हे सर्व्हेअरांनी लगेच सांगितलंच. मी यांच्याकडं असं बघितलं की ते खिडकीबाहेर बघू लागले. सर्व्हेअरांनी प्लंबरला फोन लावला. त्याचं खणखणीत बोलणं मलाही ऐकू आलं, "ती ओल येगळी, ह्यो पाइप येगळा. ह्यो एकदम फुटलाय की." मग पाइपची चीर त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिली.

जाताना ते यांना म्हणाले, "सर, तुम्ही आपणहून सांगितलंत ते बरं झालं. ती ओल मीच शोधली असती, तर मला सगळ्याच भिंतींवर शंका घ्यावी लागली असती."

क्लेम मंजूर झाला. बोळातली भिंत वगळली. स्वयंपाकघराची भिंत, कपाट, गाद्या धरल्या. काकूंचं छत मात्र आमच्या पॉलिसीत येत नव्हतं. ते आपण आधी करू, असं हे म्हणाले आणि मी या वेळी वाद घातला नाही.

रंगारी आला तेव्हा काकूंनी छताला आकाशी रंग निवडला. रंग वाळल्यावर आम्हाला जेवायला बोलावलं आणि तांबडा-पांढरा रस्सा वाढता वाढता सांगितलं, छत इतकं झकास झालंय की भिंती आता जुन्या दिसायला लागल्यात.