आधी शाफ्ट तुटला

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही.

गारगोटीच्या पुढच्या एका चढावर, सकाळी आठच्या सुमारास, खताची पोती भरलेला ट्रक उलटा मागे आला. मागून दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकलवर येणारा तीस वर्षांचा तरुण त्याच्या चाकाखाली सापडला आणि जागीच गेला. मी त्या हद्दीत सहायक पोलीस निरीक्षक होतो. खबर मिळाल्यावर वीस मिनिटांत आम्ही तिथे पोहोचलो.

अशा अपघातानंतर चालक बहुधा पळून गेलेला असतो. हा पळाला नव्हता. पन्नाशीचा माणूस, मृतदेहावर स्वतःची चादर टाकून रस्त्याच्या कडेला बसला होता. मला पाहून उठला.

"सायेब, आधी शाफ्ट तुटला. गाडी दुसऱ्या गिअरात चढत हुती. खालनं धाडकन आवाज आला. तुटल्यालं टोक गरगर फिरलं आन् त्येनं ब्रेकच्या हवेचा पाइप फोडला. मी ब्रेकवर उभा ऱ्हायलो की! हवाच न्हाय, तर गाडी थांबल कशी?"

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा लांब पोलादी नळा. तो दोन तुकडे होऊन ट्रकखाली पडला होता. मी तो पाहिला आणि पंचनामा सांगायला सुरुवात केली. मी सांगत होतो, हवालदार लिहीत होता. 'अपघातात वाहनाचे झालेले नुकसान' या ओळीखाली आम्ही सवयीने मोडलेलं सगळं लिहीत असू. त्याही दिवशी लिहिलं: मागचा दिवा फुटलेला, ब्रेकचा पाइप फुटलेला, प्रोपेलर शाफ्ट तुटलेला. ज्यामुळे अपघात झाला, ती वस्तू अशी अपघाताच्या परिणामांत जमा झाली. वाहन तपासणाऱ्या निरीक्षकांना मी हाच पंचनामा दिला. चालक काय म्हणतो, ते सांगितलं नाही.

चालकाला डुलकी लागली, असं दोन दिवसांत पंचक्रोशीत पसरलं. मरण पावलेला तरुण त्याच्या शेजारच्याच गावचा होता.

जामिनावर सुटल्यावर तो ठाण्यात तीनदा आला. तिसऱ्या वेळी खांद्यावर पोतं होतं. ट्रक कोर्टाच्या आदेशाने मालकाला परत मिळाला होता. मालकाने नवा शाफ्ट बसवला आणि जुने तुकडे याने मागून घेतले होते.

"एकदा नीट बघा, सायेब."

"मामा, चार्जशीट गेलंय. आता काय सांगायचं ते कोर्टात सांगा."

"कोर्टाचं ऱ्हाऊ द्या. पोराच्या बापाला तेवढं सांगा, मी झोपलो नव्हतो म्हणून. तुमी सांगितलं तर ऐकंल त्यो. मी आठवड्याच्या बाजाराला जायाचं सोडलंय."

ठाणे अंमलदार टेबलावरून म्हणाला, "मामा, लोखंड घरला न्या. म्हशीला खुटा हुईल झकास."

सगळे हसले. मीही हसलो. त्याने पोतं उचललं आणि तो गेला.

पुढे त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. 'कबूल कर, लवकर सुटशील,' असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि माझ्या पंचनाम्यापुढे लढण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती भोगून तो घरी आला. परवाना गेलेला होता.

अपघातानंतर दोन वर्षांनी पासपोर्टच्या पडताळणीसाठी एक टर्नर ठाण्यात आला. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करून आता आखाती देशात निघालेला. सही झाली तरी तो खुर्चीवरून उठेना. अशा माणसाला प्रश्न विचारायचा नसतो. आपण कागद चाळत राहायचं.

"खताच्या ट्रकची केस तुमीच बघितली न्हवं?" शेवटी तो म्हणाला. "त्यो शाफ्ट माझ्या लेथवर झाल्ता."

"तुला कसं माहीत?"

"शेठनंच अपघाताचा फोटू दावला. म्हणला, ह्या ट्रकात आपलाच शाफ्ट हाय, तोंड उघडू नगंस."

त्याने सांगितलेली रीत साधी होती. भंगारातले मोडके शाफ्ट घ्यायचे, त्यांतले चांगले तुकडे कापून एकमेकांना वेल्डिंग करायचे, जोडाचा उंचवटा लेथवर घासून सपाट करायचा आणि वर काळा रंग मारून नवा म्हणून विकायचा. "नव्या शाफ्टला वेल्डिंग दोन टोकांना असतंय, सायेब. मधी कंदीच नसतंय. रंग खरवडला की कळतंय."

दुसऱ्याच दिवशी पंच घेऊन आम्ही त्या शेठच्या दुकानावर छापा घातला. मांडणीवर अकरा शाफ्ट होते. पॉलिश पेपरने रंग काढला, तेव्हा सात शाफ्टांच्या मध्यावर वेल्डिंगचं कडं दिसलं.

दुकानदार घाबरला नाही. चौकशीत तो मलाच शिकवू लागला. "जोड मूळ पाइपापेक्षा घट्ट असतोय. आजपतूर आमचा एक जोड सुटल्याला दावा, मी दुकान बंद करतो. आन् त्या ट्रकात आमचाच माल हुता, ह्ये कशावरनं?"

टर्नरला विचारलं. तो म्हणाला, "जोड सुटत न्हाईच. त्येच्या शेजारी मोडतंय. वेल्डिंगच्या उष्णतेनं तितलं पोलाद बिघडल्यालं असतंय."

आता मला ट्रकमधलाच शाफ्ट हवा होता. मी टर्नरला घेऊन चालकाच्या घरी गेलो. दोन वर्षांपूर्वी ज्याला परत पाठवलं, त्याच्या दारात उभं राहून तीच वस्तू मागायची होती. तो आत वळला. कॉटखालून पोतं ओढलं. तुकडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले होते आणि तुटलेल्या कडांना ग्रीस चोपडलेलं होतं.

"गंजाय नको म्हणून," त्याची बायको म्हणाली. "दर म्हयन्याला नवं लावत्यात."

रॉकेलने कड पुसली. वेल्डिंगच्या कड्यापासून बोटभर अंतरावर नळा तुटला होता. कडेचा दोन तृतीयांश भाग काळपट, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा. उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत.

"काळी हाय ती जुनी भेग," टर्नर म्हणाला. "कैक म्हयनं हळूहळू वाढत आल्ती. चकाकतंय तेवढंच त्या दिवशी तुटलं."

चालक ते ऐकत भिंतीला टेकून खाली बसला.

तुकडा पुढ्यात ठेवल्यावर दुकानदाराने तो उलटसुलट करून बराच वेळ पाहिला. कड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आमचाच हाय." प्रयोगशाळेचा अहवालही जोडाशेजारच्या जुन्या भेगेवरच बोट ठेवणारा आला. दुकानदारावर खटला उभा राहिला.

भेग महिनोन् महिने वाढत होती, त्या काळात तो ट्रक रोज रस्त्यावर होता. ती कुणाला दिसणं शक्य नव्हतं. तुटल्यानंतर मात्र ती उघड्यावर पडली होती, माझ्या बुटापासून हातभर अंतरावर. ती पाहायला वाकावं लागलं असतं, एवढंच. माणूस पळून न जाता थांबतो आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, तेव्हा ती आधी तपासावी, हे मी नोकरीच्या उरलेल्या वर्षांत प्रत्येक नव्या फौजदाराला सांगितलं. सांगताना हे प्रकरण कुणाचं, ते सांगितलं नाही.

शिक्षा रद्द करून घेण्यासाठी अर्ज करू, मी अहवाल देतो, असं मी चालकाला म्हणालो. त्याने नकारार्थी मान हलवली. "कागुद नगं आता. त्या बापाला सांगा."

आम्ही दोघे त्या गावी गेलो. तरुणाचे वडील सत्तरीचे. अंगणात घोंगडं टाकलं होतं, त्यावर बसलो. मी शाफ्ट, जोड, भेग सगळं सांगितलं. ते चालकाकडे वळले.

"मग तवाच का न्हाय सांगितलंसा?"

चालकाने माझ्याकडे पाहिलं. मला बोलावं लागलं. "सांगितलं होतं, आबा. जागेवरच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही."

वडील चालकाला म्हणाले, "पावणं, उन्हातनं हिकडं सरका." आत हाक मारून त्यांनी चहा सांगितला.

चहा दोनच कप आला. एक त्यांनी स्वतः चालकाच्या हातात दिला, दुसरा आपण घेतला. कोल्हापूरकडच्या खेड्यात दारात आलेल्याला चहाविना ठेवत नाहीत. ते दोघे चहा पीत होते, तोवर मी तिथेच बसून होतो.