नट खोलायचं मशीन

माझी बायको पान्यावर उभी राहायची. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

माझा उजवा खांदा कामातून गेला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आमच्याकडे गाडीचं चाक एकाच पद्धतीनं निघायचं. मी नटाला पाना लावायचो, दांडा आडवा करायचो आणि म्हणायचो, "चढ." ती एका हातानं माझं डोकं धरायची, दुसऱ्यानं पातळ आवरायची आणि दांड्यावर दोन्ही पाय ठेवून हिसका द्यायची. नट कर्रकन सुटायचा. अमरावतीच्या आमच्या गल्लीत लोक उभे राहून हसायचे. ती म्हणायची, "हासा! तुमच्या बायका डोक्शावर चढतेत, मी पान्यावर चढते."

मग तिच्या पोटात गाठ निघाली. पोरगी अकोल्याला दिलेली, म्हणून दवाखाना तिथलाच धरला. दर पंधरवड्याला आम्ही आमच्या जुन्या गाडीनं जायचो. एकदा मूर्तिजापूर सोडलं आणि मागचं चाक बसलं. मी म्हणालो, तू बस, कोणाला तरी हात देतो. ऐकेल तर ती कसली. उतरली आणि चढली पान्यावर. हिसका दिला. नट हलला नाही. पुन्हा दिला. नाही. मी खाली बसलेलो, ती दांड्यावर उभी, हात माझ्या डोक्यावर. वरूनच म्हणाली, "मी हलकी झाली जी."

दवाखान्यात तिला दर वेळी काट्यावर उभं करायचे आणि कागदावर लिहायचे. तो कागद माझ्याच खिशात असायचा. मी कधी पाहिला नाही.

एका ट्रकवाल्यानं थांबून नट खोलून दिले. दिवाळीच्या आधी ती गेली.

तेरवी झाल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, गाडी विका अन् अकोल्याले चाला."

"काहून?"

"एकटे फिरसान, रस्त्यात चाक बसलं तं काय करसान?"

"काढीन."

"कशानं? हात तं वर जात नाही तुमचा."

"मशीन भेटते नट खोलाचं. ते घेतो."

"घ्या. तुमच्या एकट्याच्यानं चाक निघालं तं राहा इथं. मी पुन्हा नाव नाही काढणार."

म्हणजे असं ठरलं. चाक निघालं तर मी माझ्या घरात, नाही निघालं तर जावयाच्या दारात खुर्ची टाकून बसायचं.

इतवारा बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पोरीनं मोबाईलवर एक पाठवलं होतं, दिसायला बंदुकीसारखं, स्वस्त, त्यावर ताकदीचा आकडा हजार लिहिलेला. दुकानदारानं पाहिलं आणि म्हणाला, "काका, डब्यावर कोणी काहीबी छापते. छापलेलं अर्धंच खरं धरा. वायरचं पाहिजे का बॅटरीचं?"

"स्वस्त कोणतं?"

"वायरचं. पण रस्त्यावर पिन कुठं खुपससान, बाभळीत?"

मग बॅटरीचं. तो म्हणाला, कधीमधी वापरायचं तर एकच बॅटरी पुरे, दोनचा डबा घेऊ नका. गोटी, म्हणजे नटावर बसते ती, चकचकीत नको, या मशीनवर ती फुटते. काळी, जाड घ्या. आणि हातात धरून पाहा, जड असलं तर तुमच्या खांद्याला झेपणार नाही. माणूस बरा होता. मग त्यानं विचारलं, "ताकद किती पाहिजे?"

"मले काय माहीत?"

"आतापर्यंत कशानं खोलत होते?"

"बायको पान्यावर उभी राहे."

त्याला वाटलं मी थट्टा करून राहिलो. मग त्यानं माझं तोंड पाहिलं आणि कॅल्क्युलेटर ओढलं. "वजन किती काकूचं?"

"कोणतं सांगू? आधीचं का नंतरचं?"

तो हळूच म्हणाला, "नट खुलत होता तवाचं सांगा."

"पासष्ट."

"अन् दांडा?"

"हातभर."

त्यानं आकडे दाबले. "ताकदीत पावणेतीनशेच्या वर जातात काकू. सहाशे छापलेलं घ्या, अर्धं धरलं तरी तेवढं खरं भरते."

घरी आणलं. दुपारी अंगणात गाडी लावली, गोटी नटावर बसवली आणि घोडा दाबला. टर्रर्र केलं आणि नट सैल झाला. दुसरा, तिसरा, चौथा. मला दमसुद्धा लागला नाही. जॅक लावला, नट काढले, चाक ओढून बाजूला ठेवलं.

आणि तिथंच मातीत बसलो. असली मशीनं दुकानात आधीपासून होती. गाठ निघाली त्या वर्षीही होती. मी म्हणायचो, कशाला पाहिजे, ही आहे ना. तेव्हाच घेतलं असतं तर मूर्तिजापूरच्या त्या रस्त्यावर ती गाडीत सावलीला बसून राहिली असती. तिला चढावं लागलं नसतं. आपण किती उरलो, हे तिला पान्यावर उभं राहून कळलं नसतं. माझ्या आळसानं तिला कळलं. याला दुसरं नाव नाही.

आणि आता मी या मशीनच्या जोरावर इथं राहणार होतो. कोणासाठी? शेजारची सीट रिकामी घेऊन कुठं जाणार होतो?

फोन वाजला. पोरगी. "निघालं का चाक, बाबा?"

चाक माझ्या गुडघ्याला टेकलेलं होतं.

"नाही निघालं," म्हणालो. "गिऱ्हाईक पाहा गाडीले."

ती रडली. म्हणाली, "मी उगीच बोलली तुमाले." मी म्हणालो, नाही, बरोबर बोलली. मग उठलो, चाक पुन्हा बसवलं, नट कसले आणि घरात गेलो.

आता अकोल्यात राहतो. जावई चांगला आहे, खायला वेळेवर मिळते. दिवस संपत नाही, एवढंच. पोरीला खरं काय झालं ते सांगितलेलं नाही. तिला वाटते बाप म्हातारा झाला, हातात जोर राहिला नाही. वाटू दे.