गाडीचा दात आणि सूनबाईचं कन्नड

आमची मोठी गाडी म्हातारी आहे. मुलाने ती घेतली तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं. दर शनिवारी ती माझ्या चकल्या, कोडबळी घेऊन बैलकुप्प्याला जाते. तिथल्या तिबेटी मठाजवळच्या कँटीनमध्ये माझा माल असतो. लाल कपड्यातले लहान-मोठे लामा चकली खाताना हाः हाः करतात, नाकं पुसतात आणि परत मागतात.

गाडी नव्हती तेव्हा मी बसने जायची. नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. एका कडेवर तो, डोक्यावर डबा. कंडक्टर म्हणायचा, डबा वर टाक. वर टाकला की चकलीचा चुरा. मग डबा मांडीवर, मुलगा डब्यावर. येलवालपर्यंत त्याला झोप लागायची आणि माझ्या मांड्या बधिर. झालं ते झालं. ताप असला तरी गेले. घरी बसले असते तर ताप थोडाच कमी झाला असता? हे मी एवढ्यासाठी सांगते, की गाडी गेली तर माझं शनिवारचं जाणं संपणार होतं. या वयात मला बसमध्ये कोण चढू देणार?

तर गाडी आजारी पडली. दुसरा गियर टाकताना करकर करायची, आणि मधूनच खालून धप्प. कुणी खालून काठी मारल्यासारखं. मुलगा म्हणाला, “गियरबॉक्स उघडायला लागला तर मी हिला सरळ गुजरीला देतो.” गुजरी म्हणजे भंगार. आमच्याकडे तसंच म्हणतात.

गाडी चालवते सूनबाई. ती पुण्याकडची. कंप्युटरचं काम करायला इथं आली आणि आमच्यात अडकली. शनिवारी तिला सुट्टी असते, आणि मोठी गाडी चालवायची भारी हौस. कन्नड शिकतेय, पण चार शब्द आले की पाचवा मनाने लावते.

आम्ही दोघी लष्कर मोहल्ल्यात मिस्त्रीकडे गेलो. त्याने एक फेरी मारली, करकर ऐकली, उतरला आणि सूनबाईला म्हणाला, “मेडम, सेकंड गेर हल्लु होगिदे.” तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली, तो गेला.

हल्लु म्हणजे दात. होगिदे म्हणजे गेलाय. दुसऱ्या गियरचा दात गेलाय. मी मागच्या सीटवर बसून ऐकलं. दात गेला म्हणजे गियरबॉक्स उघडणार. उघडला म्हणजे गुजरी.

पण सूनबाईला ‘होगि’ म्हणजे ‘जा’ एवढं येत होतं. ती खूश होऊन मागे वळली. “काही नाही हो आई. दुसऱ्या गियरमध्ये हळू जा म्हणतोय.”

मी काय करू? मी खिडकीतून बाहेर बघितलं.

रात्री जेवताना मुलाने विचारलं, “काय म्हणाला मिस्त्री?”

“हळू चालवा म्हणाला,” सूनबाई म्हणाली. “तुम्हा सगळ्यांना माझ्या स्पीडचंच काय ते पडलंय.”

“बरोबरच सांगितलं,” मुलगा म्हणाला.

मी त्याला अजून भात वाढला.

पुढच्या शनिवारी निघालो. सूनबाई शब्दाची पक्की, हळू म्हणजे हळूच. हुणसूर रस्त्याला आम्हाला सायकलवाला मागे टाकून गेला. उसाचा ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरवरचा माणूस ओरडला, “अज्जी, ढकलू का?” मी हात हलवला. सूनबाईचे कान लाल झाले.

पण एवढं हळू चालल्यामुळे एक गोष्ट झाली. एरवी करकर आणि धप्प एकात एक मिसळून यायचे. आता ते वेगवेगळे ऐकू यायला लागले. येलवालच्या अलीकडे हंप आला, सूनबाईने ऍक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि धप्प. गियरला तिने हातही लावला नव्हता.

“परत कर,” मी म्हटलं.

“काय परत करू?”

“पाय दाब. आता सोड.”

धप्प. अगदी माझ्या बैठकीखाली. परत दाबला, परत धप्प. डबे एकमेकांवर आपटले.

“अगं, गियर तर पुढे तुझ्याजवळ आहे. दात गेला तर आवाज माझ्या खाली कशाला येईल?”

“कुठला दात?”

तोंडातून गेलं ते गेलं. तिने गाडी बाजूला घेतली.

“आई, कुठला दात?”

मी सांगितलं. हल्लु म्हणजे काय तेही सांगितलं.

“तुम्हाला माहीत होतं? आणि मला बैलगाडीसारखी चालवायला लावलीत?”

“मी कुठे लावली? तूच लावून घेतलीस.”

“ट्रॅक्टरवाला हसला मला!”

“मला हसला. अज्जी म्हणाला तो.”

तिला हसू येत होतं, पण सुनेने हसायचं नाही असं तिने ठरवलं असावं. तिने नवऱ्याला फोन लावून खरं ते सांगून टाकलं. पुणेरी माणसं फार खरं बोलतात. गाडी वळवून परत लष्कर मोहल्ल्यात आणली, तर मुलगा स्कूटरवरून आमच्या आधीच पोचलेला. हातात फोन, फोनवर गुजरीवाला. “हां, बघून सांगतो,” म्हणत होता.

मी मिस्त्रीला म्हटलं, “आधी खाली जाऊन बघ. माझ्या बैठकीखाली.”

त्याने चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि खाली सरपटला. पुढून मागच्या चाकांकडे एक लांब लोखंडी दांडा जातो. तो त्याने हाताने पिळला. टक. उलटा पिळला. टक.

“क्रॉस होगिदे!” खालून आवाज आला.

“आता हे काय गेलं?” सूनबाई घाबरून म्हणाली.

क्रॉस म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचा सांधा, अधिकच्या चिन्हासारखा. तो झिजला की दांडा सैल होतो आणि धप्प करतो. लहानशी वस्तू. दुपारपर्यंत बसवतो म्हणाला.

“आणि तुमचा तो दात?” मुलगा काही सोडत नव्हता. “करकर येतेच ना?”

मिस्त्री ड्रायव्हरच्या जागेवर बसला. क्लच दाबला, गियर टाकला, करकर. परत दाबला आणि खाली वाकून बघितलं. क्लच पुरता खाली जातच नव्हता, दोन बोटं आधीच अडत होता. त्याने पायाखालची मॅट उचलली. तिच्याखालून एक गोल चपटं अल्युमिनियमचं झाकण निघालं.

माझ्या डब्याचं. ते कँटीनवाल्याने ठेवून घेतलं असं समजून मी त्या बिचाऱ्याशी किती दिवस तुटक बोलत होते.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी झाकण पदराला पुसलं.

मिस्त्रीने क्लच दाबला. गियर लोण्यासारखा पडला. “दातासारखाच आवाज होता अज्जी,” तो पुटपुटला.

“सुम्ने, उगाच कुणाचेही दात पाडतोस होय रे?” मी म्हटलं. झाकण माझं होतं, म्हणून जास्त बोलले नाही.

मुलाने गुजरीवाल्याला नको म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळला. “गाडी राहू दे. पण तू आता साकु कर ना गं, पुरे झालं. किती वर्षं? घरी बस. त्या लोकांना पाहिजे तर येऊन नेतील.”

“घरी बसून काय करू?”

“आराम कर.”

“तो कसा करतात?”

मला चेष्टा करायची नव्हती, मला खरंच माहीत नव्हतं. सूनबाई म्हणाली, “अहो, चकल्या मऊ पडतील.”

दुपारी क्रॉस बसला. मुलाने किल्ली घेतली. म्हणाला, नीट झाली की नाही ते मीच बघतो. सूनबाई मागे माझ्याजवळ डबे धरून बसली, स्कूटर मिस्त्रीकडेच राहिली. घराकडे वळायचा चौक आला. त्याने दुसरा टाकला, तिसरा टाकला आणि हुणसूर रस्त्याला लागला. आम्ही दोघी गप्प बसलो. अशा वेळी बोललं की माणूस बिचकतो.

येलवाल गेल्यावर त्याने विचारलं, “तिथं चहा बरा मिळतो का?”

“खारट असतो. वर लोणी तरंगतं,” मी म्हटलं. “वाटी रिकामी केलीस की परत भरतात. नको म्हणायचं नाही, त्यांना वाईट वाटतं.”