कुंकवाखालचं क्रियापद

चाळिशीत मी फारसी शिकायला बसले ती हौसेनं नव्हे, भीतीनं. गावालगतच्या आमच्या लिंगायतांच्या दफनभूमीवर नव्या रस्त्याची खूण पडली होती, आणि ती जागा आमची असल्याचा पुरावा एकच होता, निजामाच्या काळातला एक फारसी कागद. तिथं माझी आई आहे. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिच्याच शेजारची जागा हवी होती, आणि त्यांना आता ओसरीची पायरी चढतानाही धाप लागत होती.

दर रविवारी एसटीनं बीडला जाऊन मी एका निवृत्त उर्दू शिक्षकांपुढं बसायची. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. फारसीत नामाला नाम जोडत माळ लांबत जाते: जमीन-ए-दफन-ए-जंगमान. ती शेवटाकडून उलगडायची, जंगमांच्या, म्हणजे आम्हा लिंगायतांच्याच, दफनाची जमीन. एवढं मला जमलं. क्रियापदांनी मात्र घाम फोडला. 'मंजूर' हा नुसता अर्धा शब्द. पुढं 'शुद' आलं तर मंजूर झालं, 'नशुद' आलं तर झालं नाही. दुसरा अर्धा दिसल्याशिवाय निकाल सांगायचा नाही, असं उस्ताद बजावायचे. मी पडले घाईची, 'मंजूर' दिसताच पेढे वाटायला निघणारी.

कागद समाजाच्या अध्यक्षांकडं असायचा आणि वर्षातून एकदाच, लक्ष्मीपूजनाला पाटावर यायचा. तहसीलमधल्या सुनावणीच्या चार दिवस आधी त्यांनी तो माझ्या हाती दिला. मी वाचत गेले. दरख्वास्त, जमीन, जंगम, मंजूर. पुढं लालभडक डाग. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्याच कोपऱ्याला ओलं हळद-कुंकू लावत आलो होतो, खाली शाई उरलीच नव्हती. कागद घेऊन मी तशीच बीड गाठलं.

उस्तादांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"बेटी, आर्धंच हाय. जे न्हाई ते वाचू नको."

अध्यक्षांना ते पटेना. नकाराची कुणी पूजा करतं का, असा त्यांचा सवाल. 'शुद' म्हण आणि मोकळी हो, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. खरं सांगते, माझंही मन तिकडंच ओढत होतं.

सुनावणीला अप्पा भस्म लावून पुढच्याच बाकावर बसले होते. तहसीलदार साहेबांना फारसीचं अक्षरही येत नव्हतं. मी जे म्हणेन तेच लिहिलं जाणार होतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी 'मंजूर'पर्यंत वाचलं आणि पुढचं पुसलंय असं सांगितलं. आवाज इतका खोल गेला होता की साहेबांनी पुन्हा विचारलं, मला पुन्हा सांगावं लागलं.

बाहेर आल्यावर आमच्यापाशी कुणी फिरकलं नाही. मी अप्पांना धरून रिक्षात बसवलं. दम खाऊन ते हळूच म्हणाले, "खरं बोललीस, बरं केलंस. आता मला कुठं न्यायचं, ते तूच बघ."