आज कुठला रंग?

हजेरी घेण्याआधी आमचे सर एकच प्रश्न विचारायचे, "आज कुठला रंग?" वर्गात नव्याने आलेल्याला वाटायचं, सरांचं डोकं ठिकाणावर नाही. प्रश्न माझ्यासाठी असायचा. आमचं घर नाल्याच्या काठाला, आणि जरा वरच्या अंगाला टॉवेलचं सूत रंगवणारं डाइंग. माझे वडील तिथे रंगमास्तर. सकाळी ज्या रंगाचा लॉट धुतला जाई, त्याच रंगाचं पाणी आमच्या दारावरून वाहत जायचं. मी उभी राहून सांगायचे, "मरून, सर." ते फळ्याच्या कोपऱ्यात 'मरून' लिहायचे आणि मग शिकवायला लागायचे. विद्यापीठातल्या आमच्या त्या विषयाचं नाव होतं शाश्वत व्यवसाय पद्धती. त्यावरून मुलांनी त्यांना 'शाश्वत सर' केलं होतं, आणि सरांनी मला 'रंगखातं'.

सर मूळचे करकंबचे. फळ्याकडे तोंड असेपर्यंत पुस्तकी बोलायचे, आमच्याकडे वळले की गाव बाहेर यायचं. स्वतः तासिका तत्त्वावर. दर वर्षी नेमणूक नव्याने, आणि ती होईपर्यंत विभागाच्या बाकावर बसून वाट बघायची. वर्गातला एक आगाऊ मुलगा एकदा म्हणाला, "सर, तुमचीच नोकरी शाश्वत नाही." सर खो खो हसले. "व्हय की! म्हणून तर मला ह्यातलं लई कळतं."

हिरव्या पानाचा त्यांना भयंकर राग. आम्ही सगळे सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर दोन तळव्यांत धरलेलं हिरवं रोप टाकायचो, कारण संगणकावर तेच मिळायचं. सर उठून पडद्याजवळ जायचे, त्या रोपावर बोट ठेवायचे. "हे झाड सोलापुरात कुटं बघितलंस? मला नेऊन दाखव, पैकीच्या पैकी गुण देतो." पानाचे दोन गुण कापायचे म्हणजे कापायचेच. आमच्या व्याख्या पाठ होत्या, त्यांची एकच होती. "धंदा बी राहिला पायजे, पाणी बी राहिलं पायजे. दोन्हीतलं एक गेलं, तर तुमी नापास."

दुसऱ्या वर्षी प्रकल्प आला तेव्हा त्यांनी वर्ग सरळ आमच्या डाइंगवर नेला. घरात आम्ही तेलुगू बोलतो, वडिलांना नान्ना म्हणतो. नान्नांचे हात कोपरापर्यंत कायम रंगलेले, आणि ते हात वर्गातल्या पोरींना दिसावेत असं मला मुळीच वाटत नव्हतं. सरांनी तेच हात दोन्ही हातांनी धरले. "मास्तर, आज तुमी शिकवा, आमी लिहून घेतो." नान्ना आधी लाजले, मग असे खुलले की जेवणाची सुट्टी विसरले. शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ नितळ असतं, ते पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरता येतं, हे त्यांनी सांगितलं. "आधी आमी करत होतो. आता घाई हाय, आणि हौद न्हाय." सर परतीच्या वाटेवर तेवढंच बोलत होते, "एक हौद. फक्त एक हौद पायजे रे!"

अहवाल मीच टाइप केला. नान्नांची सगळी युक्ती त्यात होती, हौदाचं चित्र होतं, नावानिशी आभार होते. चौथ्या पानावर एक वाक्य होतं: सध्या सर्व रंगीत पाणी थेट नाल्यात सोडले जाते. सर म्हणाले, खरं आहे ते राहू दे. मालकाने अहवाल वाचून चांगलं आहे म्हटलं आणि कपाटावर ठेवला. तेव्हा सरांना एक कल्पना सुचली. माल परदेशी पाठवणारी जी कंपनी त्या डाइंगकडून सूत रंगवून घ्यायची, तिच्या कार्यालयात त्यांनी एक प्रत पाठवली. त्यांची अपेक्षा भाबडी होती. मोठ्या माणसांनी वाचलं तर हौद बांधून देतील, एवढंच.

महिनाभराने एका सकाळी मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "सर, आज रंग नाही." खडू त्यांच्या हातात तसाच राहिला. "नीट बघितलंस?" नीट बघितलं होतं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. घरातही काही वेगळं नव्हतं. नान्ना रोजच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडत होते. चौथ्या दिवशी सर सात रस्ता चौकातून पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, "चला, बघून यिऊ." एवढे खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. नाल्याच्या तळातले दगड दिसत होते. पोरांनी फोटो काढले. सर म्हणाले, आता मास्तरांचं तोंड गोड करायचं.

डाइंगच्या फाटकाला कुलूप होतं. फाटकाशेजारी, भिंतीच्या सावलीत, नान्ना डबा मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून ते उठायला लागले, आणि डबा सावरताना पुन्हा खाली बसले. कंपनीने चौथं पान वाचलं होतं. असल्या ठिकाणी आमचं काम नको, असं मालकाला कळवून तिने सगळ्या ऑर्डरी काढून घेतल्या होत्या. सरांच्या हातात पुडा तसाच उघडा होता. नान्नांनीच त्यातला एक पेढा उचलला, पाहुण्याचा मान ठेवावा तसा. "तुमच्या रिपोर्टात खोटं काय न्हवतं, सर," ते म्हणाले. "पाणी बघा की, कसं स्वच्छ झालं."

मला सरांचा संताप आला होता, आणि तो बरेच दिवस टिकला. नान्नांच्या हातांनी चाललेलं काम त्यांच्या चांगुलपणाने बंद पाडलं, असं मी घरी ओरडून बोलले. नान्ना म्हणाले, गप बस, वाक्य तूच टाइप केलंस. सर मालकाकडे गेले, कंपनीच्या दारात दोनदा जाऊन उभे राहिले. आत कुणी घेतलं नाही. त्यानंतर त्यांनी वर्गात रंग विचारला नाही. हजेरी, मग पुस्तक, मग घंटा. पोरं हिरव्या पानांची चित्रं लावायची आणि सर पूर्ण गुण द्यायचे. पुढच्या वर्षी तो विषय ऐच्छिक झाला, कुणी घेतला नाही, आणि सरांची नेमणूक झाली नाही.

मला त्याच पदवीवर पुण्यात नोकरी लागली. एका मोठ्या कंपनीकडे काम मागणाऱ्या छोट्या कारखान्यांचे अर्ज तपासते. पाणी कुठे सोडता, या रकान्यात जे खरं लिहितात त्यांचे अर्ज मला बाजूला काढावे लागतात. हौद बांधून द्या असा शेरा मी सुरुवातीला लिहायचे. त्या शेऱ्याला उत्तर येत नाही. आता लिहीत नाही.

गेल्या दिवाळीला सात रस्त्यावर सर भेटले. हातात कापडी पिशवी, केस पार पिकलेले. गावी असतात म्हणाले, शिकवणं सुटलं. माझी नोकरी कळल्यावर त्यांनी मान हलवली, आनंदाने की कशी ते मला कळलं नाही. नान्ना आता एका सोसायटीच्या फाटकावर बसतात, हेही मी सांगितलं. डाइंगची जागा तशीच बंद आहे. एसटीची वेळ झाली होती. दोन पावलं जाऊन ते परत वळले.

"मास्तरांच्या हाताला," ते म्हणाले, "आता कुठला रंग हाय?"

"नाही, सर. गेला सगळा."

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गर्दीतून एसटीकडे चालायला लागले.